रडारला न दिसलेला 'ड्रोन'

लडाखच्या सीमेवर २०१२ मध्ये रोज रात्री पिवळे गोळे दिसायला लागले. आर्मीने रडार आणलं, ड्रोन उडवला, शास्त्रज्ञ बोलावले. शेवटी जो 'घुसखोर' सापडला, तो तुमच्या-आमच्या गच्चीवरूनही दिसतो!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून झालेली, श्रीखंड-पुरीची सुस्ती अजून अंगात, आणि विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोक अंगणात, गच्चीवर मोबाइल वर धरून उभे. जळत्या रेघांचा एक अख्खा ताफा आकाशातून सावकाश सरकत चाललेला. 'उल्का आहे', 'मिसाइल आहे', 'विमान पडतंय', 'एलियन आले रे', व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाच मिनिटांत सगळ्या थिअरीज हजर. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग पडलेली सापडली आणि हवेतली चर्चा धपकन जमिनीवर आली. चिनी 'चांग झेंग' रॉकेटचा वातावरणात परत शिरलेला तुकडा असावा, असा अंदाज अभ्यासकांनी दिला. 'इस्रो'ची माणसंही गावात येऊन बघून गेली.

लाडबोरीकरांच्या हातात निदान वस्तू होती. हात लावून बघता येत होता, सेल्फी काढता येत होता. पण आकाशातून काहीच खाली पडलं नाही तर? आणि बघणारा गच्चीवर नसून साडेचौदा हजार फुटांवर, हातात रायफल घेऊन, समोर चीन असताना उभा असेल तर?

ही गोष्ट तिथली आहे.

पँगाँगच्या काठावर

पँगाँग लेक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर 'थ्री इडियट्स'चा शेवट येतो, ते ठीक आहे. पण या १३० किलोमीटरहून लांब तलावाचा साधारण एक तृतीयांशच भाग भारताकडे आहे. उरलेला चीनच्या ताब्यात. मधून जाते ती एलएसी, म्हणजे प्रत्यक्ष नियंत्रण रेषा. ती जमिनीवर आखलेली नाही. 'आमच्या मते इथे' आणि 'त्यांच्या मते तिथे' असा तो मामला. त्यामुळे इथे पहारा देणाऱ्या जवानाचं कामच असं, की हललेली प्रत्येक गोष्ट टिपायची.

२०१२ च्या उन्हाळ्यानंतर तलावाजवळच्या ठाकुंगसारख्या चौक्यांवरून इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे आणि लष्कराच्या १४व्या कोअरचे रिपोर्ट वर जायला लागले. वर्णन बहुतेक सारखंच. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून एक पिवळसर गोळा वर येतो, आकाशातून अगदी सावकाश पुढे सरकतो, तीन ते पाच तास दिसतो आणि गायब होतो. आवाज नाही. दिवसा दिसला तर तेही थोडा वेळच.

लष्कराने याला 'यूएफओ' म्हटलं नाही. कागदोपत्री नाव पडलं 'अनआयडेंटिफाइड ल्युमिनस ऑब्जेक्ट', अनोळखी प्रकाशमान वस्तू. मला हे नाव आवडतं. जेवढं दिसलं तेवढंच सांगतं. 'फ्लाइंग' म्हटलं की ती उडतेय हे आपण आधीच कबूल केलं, आणि उडतेय म्हटलं की उडवणारा कोण, हा प्रश्न पाठोपाठ आलाच.

पण संशय कुणावर होता, हे सांगायला नको. चीनचे टेहळणी ड्रोन. तेव्हा ड्रोन म्हणजे लग्नात शूटिंगला येणारी वस्तू नव्हती. सीमेवर मात्र त्यांचा वापर वाढत होता आणि प्रत्येक चौकीला त्यांची धास्ती होती.

यंत्रं लावली, उत्तर नाही

लष्कराने मग शिस्तीत तपास सुरू केला. तलावाजवळच्या एका उंच डोंगरावर फिरतं रडार आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नेऊन बसवलं. रडार रेडिओ लहरी सोडतं आणि वस्तूला आपटून परत येणाऱ्या लहरींवरून अंतर काढतं. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर उलटं काम करतं. समोरची वस्तू स्वतः काही रेडिओ सिग्नल सोडते का, हे ऐकत बसतं. ड्रोन असेल तर तो त्याच्या मालकाशी काहीतरी बोलणारच ना!

गोळा डोळ्यांना लख्ख दिसत होता. रडारवर काहीच नाही. अ‍ॅनालायझर गप्प.

यावरून एक अंदाज निघाला की वस्तू धातूची नसावी. अंदाज चुकीचा नव्हता, फक्त जरा... लांबचा होता. मग लष्कराने स्वतःचा टेहळणी ड्रोन त्या गोळ्याच्या दिशेने सोडला. तो जितका वर जाऊ शकत होता तितका गेला आणि तिथून गोळा दिसेनासा झाला. पुन्हा हात हलवत परत.

डीआरडीओ आणि एनटीआरओ या दोन्ही संस्थांना विचारणा झाली. सप्टेंबरच्या अखेरीस हानले इथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेतल्या लोकांनाही बोलावलं गेलं. पँगाँगपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, साडेचार हजार मीटर उंचीवर ही वेधशाळा आहे. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून रिमोटने चालते. म्हणजे आकाश बघायला यांच्याइतकी योग्य माणसं अख्ख्या लडाखमध्ये शोधून सापडली नसती. त्यांनी तीन दिवस निरीक्षण केलं. आणि इथे कहाणीत मस्त ट्विस्ट आहे. तेव्हाच्या बातम्यांनुसार पहिल्या फेरीत हे गोळे 'आकाशस्थ नसावेत' असंच मत पुढे आलं होतं!

तोपर्यंत बातमी फुटलेली होती. चॅनेलवाल्यांनी हिरव्या डोक्याचे एलियन बाहेर काढले. संसदेत प्रश्न आला. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सीमेवर यूएफओ दिसल्याचा कोणताही ठोस पुरावा नाही, असं उत्तर दिलं. उत्तर खरं होतं. पण चौकीवरच्या जवानाला त्याचा काय उपयोग? गोळा त्या रात्रीही उगवलाच असणार.

१५५ वेळा सीमोल्लंघन

लष्कराने एक गोष्ट मात्र सोडली नाही. वही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात जवानांनी ३२९ वेळा दिसलेल्या वस्तूंची नोंद केली. त्यातल्या १५५ वेळा वस्तूने एलएसी ओलांडून भारतीय हद्दीत प्रवेश केल्याचं लिहिलेलं होतं. आणि प्रकरण पुन्हा एकदा खगोलशास्त्रज्ञांकडे गेलं. या वेळी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे. हानलेची वेधशाळा हीच संस्था चालवते.

संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनी २०१३ मध्ये माध्यमांना सांगितलं की, त्यांच्यापुढचा प्रश्न एवढाच होता, ही वस्तू आकाशातली की पृथ्वीवरची? त्यासाठी पद्धत फार जुनी आहे. गोळ्याच्या मागे जे तारे आहेत त्यांच्या तुलनेत तो कसा सरकतो, ते मोजायचं. ड्रोन ताऱ्यांच्या मधून आडवातिडवा जाईल. ग्रह मात्र ताऱ्यांसोबतच उगवणार आणि ताऱ्यांसोबतच मावळणार, कारण फिरतेय ती पृथ्वी.

उत्तर आलं. गुरू आणि शुक्र.

हो. ज्यांच्याकडे बघून आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त काढतात, तेच.

आता मागे जाऊन त्या वहीतल्या गोष्टी एकेक करून ताडून बघा. मी बघितल्या आणि मला गणिताचा पेपर सुटल्यासारखा आनंद झाला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये शुक्र पहाटेच्या आकाशात होता. १५ ऑगस्टच्या सुमारास तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर, म्हणजे सूर्योदयाच्या साधारण तीन तास आधी पूर्वेला उगवत होता. गुरू वृषभ राशीत होता आणि सूर्योदयाच्या सुमारे पाच तास आधी वर येत होता. 'तीन ते पाच तास दिसतो आणि मग गायब होतो.' गायब का होतो? उजाडतं म्हणून!

चीनच्या बाजूने का येतो? लडाखमधून पूर्वेला चीनच आहे, आणि ग्रह पूर्वेलाच उगवतात. भारताच्या हद्दीत का शिरतो? कारण पश्चिमेला जातो. खरं तर १५५ हा आकडा फार कमी आहे. त्या दोघांनी रोजच सीमोल्लंघन केलं असणार. आणि नोंदी फेब्रुवारीपर्यंतच का? शुक्र तेव्हा सूर्याच्या जवळ जाऊन पहाटेच्या उजेडात बुडत चालला होता. मार्च २०१३ च्या अखेरीस तो सूर्याच्या पलीकडेच गेला.

राहिलं रडार. गुरू त्या वर्षी पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला तो डिसेंबरच्या सुरुवातीला. जवळ म्हणजे सुमारे ६१ कोटी किलोमीटर. डोंगरावरच्या रडारने सोडलेली लहर प्रकाशाच्या वेगाने तिथे पोचायला चौतीस मिनिटं आणि परत यायला अजून चौतीस. धातू असो की नसो, लष्करी रडार इतका वेळ वाट बघत नाही. आणि ज्या ड्रोनला तिथवर जायचं होतं, त्याची बॅटरी... जाऊ दे.

हसू येतंय? थांबा जरा

शुक्र-गुरू ओळखता आले नाहीत म्हणून जवानांची टिंगल तेव्हाही भरपूर झाली. परदेशी माध्यमांनीही चवीने बातम्या दिल्या. मला ती टिंगल फारशी पटत नाही.

पुण्या-मुंबईच्या दिव्यांच्या झगमगाटातून जो शुक्र तुम्ही पाहिलाय, तो विसरून जा. पँगाँगला हवा विरळ, धूळ जवळपास नाही, बाष्प नाही, दिवे नाहीत. प्रकाश वाटेत अडतच नाही. तिथे हे ग्रह डोळ्यात भरतात, आणि संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही उंचीवरच्या हवेमुळे ते जास्त तेजस्वी दिसत असल्याचं कारण दिलं होतं. क्षितिजाजवळ असताना हवेच्या जाड थरातून बघावं लागतं, म्हणून गोळा लुकलुकतो, रंग बदलतो. डोंगरामागून एकदम बाहेर आला तर कुणीतरी खालून सोडल्यासारखाच वाटतो.

त्यात आपला मेंदू. अंधारात एकटाच प्रकाशबिंदू असेल आणि आजूबाजूला तुलनेला काही नसेल, तर तो स्थिर असूनही हलताना दिसतो. तुर्कस्तानात जन्मलेल्या मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याच गमतीवर प्रयोग केला. लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून विचारलं, दिवा किती हलला? दिवा हललाच नव्हता. एकेकटे असताना प्रत्येकाचा आकडा वेगळा. एकत्र बसवून मोठ्याने उत्तरं द्यायला लावल्यावर हळूहळू सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले. आता कल्पना करा, कडाक्याच्या थंडीत दोघे पहाऱ्यावर आहेत आणि एक म्हणतो, 'सरकला बघ!'

आणि ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. ७ जानेवारी १९४८. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आकाशात काहीतरी मोठं, चकचकीत दिसल्याचे फोन आले. हवेत असलेल्या मस्टँग विमानांना बघायला सांगितलं. कॅप्टन थॉमस मँटेल, वय २५, त्या वस्तूच्या मागे वर वर चढत गेला. विमानात ऑक्सिजन नव्हता. वीस हजार फुटांच्या वर शुद्ध हरपली असावी, विमान कोसळलं आणि तो गेला. हवाई दलाने आधी कारण दिलं, शुक्र! ते फार पटण्यासारखं नव्हतं, कारण भरदुपारी शुक्र एवढा मोठा दिसत नाही. पुढे जास्त शक्यतेचं कारण समोर आलं ते 'स्कायहूक' बलूनचं. अमेरिकी नौदलाचा गुप्त प्रकल्प होता तो. ज्यांच्या देशाचा बलून, त्यांच्याच वैमानिकाला त्याची माहिती नव्हती.

म्हणजे 'शुक्र आहे' हे उत्तर कधी बरोबर असतं, तर कधी फाइल बंद करायची पळवाट. दोन्हींतला फरक वहीतल्या आकड्यांवरूनच कळतो.

अमेरिकी हवाई दलाने 'प्रोजेक्ट ब्लू बुक' नावाने १९५२ ते १९६९ अशी सतरा वर्षं या गोष्टींचा माग काढला. ओहायोमधल्या राइट-पॅटरसन तळावर त्याचं ऑफिस होतं. सगळ्या मिळून १२,६१८ घटनांची नोंद झाली. त्यातल्या ७०१ घटना शेवटपर्यंत 'अनोळखी' राहिल्या. यूट्यूबवर तुम्हाला हा ७०१ चा आकडा फार गंभीर म्युझिकसोबत ऐकायला मिळेल. उरलेल्या जवळजवळ बारा हजारांचं काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही. ग्रह, तारे, उल्का, बलून, विमानं.

या प्रकल्पाचे सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक. १९६६ मध्ये मिशिगनमध्ये लोकांना दलदलीवर दिवे दिसले तेव्हा त्यांनी 'दलदलीतला वायू असू शकेल' असं सांगितलं आणि देशभर त्यांची खिल्ली उडाली. लोकांना आपल्याला वेड्यात काढल्यासारखं वाटलं. पुढे हायनेक स्वतःच हवाई दलावर टीका करायला लागले, की तुम्ही नीट तपासच करत नाही. 'क्लोज एन्काउंटर्स' ही वर्गवारी त्यांचीच. स्पीलबर्गच्या १९७७ च्या सिनेमात ते क्षणभर दिसतातही.

रिपोर्ट करायचा की नाही?

पँगाँगला परत येऊ. एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे वहीतल्या नोंदी थांबल्यानंतर दोन महिन्यांत, लडाखमध्येच देपसांग इथे चिनी सैनिकांनी येऊन तंबू ठोकले. तीन आठवडे दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. ते तंबू खरे होते. त्या वातावरणात एखाद्या रात्री कुणी आकाशातल्या 'ड्रोन'वर गोळी झाडली असती, ती पलीकडच्या चौकीच्या दिशेने गेली असती, तर? गुरूला काही झालं नसतं.

उलट बाजूचाही विचार करा. 'अरे, तो शुक्रच असेल' म्हणून सगळ्यांनी दुर्लक्ष करायचं ठरवलं आणि एके रात्री खराच ड्रोन आला तर? ज्या जवानाने पहिल्यांदा रिपोर्ट दिला आणि ज्याला सगळे हसले, तो पुढच्या वेळी तोंड उघडेल का? अमेरिकी नौदलाला हाच प्रश्न पडला. वैमानिक करिअरला डाग लागेल म्हणून काही बोलतच नव्हते. शेवटी २०१९ मध्ये नौदलाने अशा घटना कळवण्यासाठी नवी पद्धत ठरवायला घेतली, आणि २०२२ मध्ये पेंटागॉनने 'आरो' नावाचं वेगळं ऑफिसच उघडलं.

आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावरून आकाशात काहीतरी उडताना दिसलं. विमानतळ काही तास बंद, विमानं दुसरीकडे वळवलेली, प्रवासी लाउंजमध्ये ताटकळत. हवाई दलाच्या पूर्व कमांडने 'एक्स'वर सांगितलं की, विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही. राफेल पाठवल्याच्या बातम्या आल्या. मणिपूरमध्ये तेव्हा काय परिस्थिती होती, हे आठवत असेल तर 'एवढ्याशा गोष्टीला राफेल?' असं म्हणवणार नाही.

पुढच्या वेळी तुम्हालाच काही दिसलं तर रील काढण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा. किती वाजले, कोणती दिशा, क्षितिजापासून किती वर आणि मागे कोणते तारे. 'किती वर' मोजायला यंत्र लागत नाही. हात सरळ ताणून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोबाइलवर 'स्टेलेरियम' असेल तर त्याच दिशेला धरून बघा. आणि एका रांगेत पंधरा-वीस दिवे शिस्तीत चाललेले दिसले, तर तो इलॉन मस्कच्या स्टारलिंकचा ताफा असण्याची शक्यता जास्त.

हानलेचं पुढे काय झालं, ते राहिलंच. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्या परिसराला 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून घोषित केलं. रात्री घरांच्या खिडक्यांना जाड पडदे आणि गाड्यांचे हेडलाइट मंद. तिथल्याच गावांतल्या तरुणांना खगोलशास्त्रज्ञांनी ट्रेनिंग दिलं, दुर्बिणी दिल्या. आता ही पोरं होमस्टेच्या अंगणात दुर्बीण लावतात आणि दिल्ली-मुंबईहून आलेल्या टूरिस्टना गारठ्यात रांगेत उभं करून गुरू दाखवतात, त्याच्या चार चंद्रांसकट.